म्युच्युअल फंड की गुंतवणूक कंपनीचा शेअर?

निपाणीहून भाच्याचा फोन आला. सोसायटीतल्या ठेवीची मुदत संपली होती. "मामा, फंडात घालू की बजाज होल्डिंग्जसारखा शेअर घेऊ? तिथं म्हणे रुपयाचा माल रुपयापेक्षा स्वस्त मिळतो."

त्याचं म्हणणं खरं आहे. बजाज होल्डिंग्ज किंवा टाटा इन्व्हेस्टमेंट यांची मुख्य मिळकत म्हणजे त्यांच्याकडचे दुसऱ्या कंपन्यांचे शेअर. बाजार अशा कंपन्यांना बहुधा त्या मालाच्या किमतीपेक्षा कमी भाव देतो. पण घेताना स्वस्त मिळालेला शेअर विकतानाही स्वस्तातच जाऊ शकतो, कारण तो घ्यायला दुसरा गिऱ्हाईक यावा लागतो. ओपन-एंडेड, म्हणजे कधीही पैसे काढता येणाऱ्या फंडात तुमची युनिटं (फंडातले तुमचे वाटे) फंडच परत घेतो, त्या दिवसाच्या एनएव्हीने, म्हणजे फंडातल्या मालाच्या किमतीतून एका युनिटला जेवढं येतं त्या भावाने. दुपारी तीनच्या आत अर्ज दिला की इक्विटी फंडाचे पैसे साधारण दोन-तीन कामाच्या दिवसांत खात्यावर येतात. वर्षाच्या आत काढले तर बहुतेक फंड एक टक्का एक्झिट लोड, म्हणजे लवकर काढल्याचा आकार, कापतात, एवढंच.

मालाची किंमत आणि बाजारभाव यांतली ही तूट किती वर्षं टिकू शकते, ते मॉर्गन स्टॅन्ले ग्रोथ फंडाने दाखवलं. १९९४ साली त्याच्या फॉर्मसाठी रांगा लागल्या. फंड पंधरा वर्षं बंद मुदतीचा होता, मध्येच पैसे हवे तर युनिटं बाजारात विकावी लागत, आणि ती तिथं वर्षानुवर्षं एनएव्हीच्या खाली विकली गेली. उलट उदाहरण एल्सिड इन्व्हेस्टमेंट्सचं. तिच्याकडे एशियन पेंट्सचे शेअर. शेअर बाजारावर देखरेख करणाऱ्या सेबीने अशा कंपन्यांचा भाव ठरवायला खास लिलाव ठेवला आणि २९ ऑक्टोबर २०२४ रोजी ३ रुपये ५३ पैशांचा शेअर २,३६,२५० रुपयांवर गेला. हे ऐकून कुणी तसाच दुसरा शेअर शोधायला निघू नये. त्या जुन्या भावात विकायला कुणी तयारच नव्हतं.

करातला फरक फारसं कुणी सांगत नाही. तुमच्या हातचा कर दोन्हीकडे सारखाच: इक्विटीवर वर्षानंतर विकलं तर सव्वा लाखावरच्या नफ्यावर साडेबारा टक्के. पण फंडाने आतल्या आत शेअर विकले तर त्याला कर नाही. कंपनीने विकले तर तिला भरावा लागतो, आणि तो शेवटी भागधारकाच्याच वाट्यातून जातो.

कंपनीच्या बाजूने एक मोठी गोष्ट आहे. बाजार कोसळला आणि लोक घाबरले तरी कंपनीकडे कुणी पैसे परत मागू शकत नाही, म्हणून तिला चांगला माल पडत्या भावात विकावा लागत नाही. फंडावर ती पाळी येते. २३ एप्रिल २०२० रोजी फ्रँकलिन टेम्पल्टनने सहा डेट (कर्जरोख्यांत पैसे घालणाऱ्या) योजना बंद केल्या, तेव्हा 'कधीही काढा' म्हणणारं दारही अडलं.

तरी आपल्याकडे उसाचं बिल लांबतं, दवाखाना अचानक निघतो. अशा घराला मी फंडच सांगतो, तोही डायरेक्ट प्लॅन, म्हणजे एजंटचं कमिशन वाचतं. दहा वर्षं हात लावायचा नाही, डिमॅट खातं आहे आणि ताळेबंद वाचायची तयारी आहे, त्याने थोडा हिस्सा कंपनीत घालावा.

भाच्याला मी दोन्हींपैकी काहीच सांगितलं नाही. पोरगी बारावीला आहे, दोन वर्षांत फी भरायची. ती रक्कम बँकेत ठेव, म्हटलं. तिथं पाच लाखांपर्यंत ठेव विम्याचं संरक्षण आहे, सोसायटीत ते नाही. उरलेल्यावर दिवाळीला बसून बोलू.