पकडलेली राणी मुंगी कोणती: फोटो, भिंग, कामकरी की डीएनए?

पंख गाळून जमिनीवर फिरणारी राणी हाती लागली की नाव शोधण्याआधी एक गोष्ट ठरवावी लागते: तिला खायला द्यायचं की नाही. लॅसियस नायजर या मुंगीच्या प्रजातीची राणी पहिली पिल्लं वाढवते ती स्वतःच्या अंगातल्या साठ्यावर आणि उड्डाणाच्या स्नायूंवर. तिला अंधारात एकटं सोडावं. मिर्मिकाच्या राणीला मात्र याच काळात अन्न लागतं. लॅसियस अंब्राटसची राणी तर दुसऱ्या मुंग्यांच्या वारुळात शिरल्याशिवाय वसाहत उभीच करू शकत नाही. म्हणून वंश (लॅसियस, मिर्मिका असा जवळच्या प्रजातींचा गट) लवकर कळायला हवा. लॅसियससारखे अपवाद सोडले तर नेमकी प्रजाती नंतर कळली तरी बहुतेकदा चालतं.

वंशासाठी फोटो बहुतेकदा पुरतो. वरून, बाजूने आणि समोरून चेहऱ्याचा असे तीन काढा, शेजारी मिलिमीटरची पट्टी ठेवा आणि पकडल्याची तारीख, वेळ, जागा लिहून ठेवा. बाजूच्या फोटोत कंबर बघा. कॅम्पोनोटस, लॅसियस, फॉर्मिका यांच्या कंबरेला एकच गाठ असते. मिर्मिका, मेसर, फायडोल, सोलेनॉप्सिस यांच्या कंबरेला दोन. रंगावर विसंबू नका, कोषातून नुकतीच निघालेली राणी फिकी दिसते.

पण मिर्मिका आणि मेसर दोघींनाही दोन गाठी, आणि मेसरची राणी उपाशी राहून पिल्लं वाढवते. इथे दहा ते वीस पटींचं भिंग घ्या. मिर्मिकाच्या पाठीवर, कंबरेच्या अलीकडे, दोन काटे दिसतात. मिशांचे भागही मोजता येतात: सोलेनॉप्सिसच्या राणीत शेवटच्या दोन भागांचा जाड शेंडा, फायडोलमध्ये तीनचा. जिवंत राणी स्थिर राहत नाही, त्यामुळे वेळ लागतो. पण माझ्या मते खर्च करायचाच तर भिंगावरच करावा.

प्रजातीसाठी कामकरी मुंग्यांची वाट बघणं उत्तम, कारण ओळख पटवण्याच्या बहुतेक किल्ल्या (एकेक लक्षण बघत नावापर्यंत नेणारे तक्ते) त्यांच्यावरूनच लिहिलेल्या आहेत.

डीएनए चाचणी जवळजवळ सारख्या दिसणाऱ्या गटांसाठी राखून ठेवा. टेट्रामोरियम सेस्पिटम गटात 2017 च्या अभ्यासाने 10 प्रजाती मानल्या. तिथे नुसत्या नजरेने नाव देणं धाडसाचं. मात्र संकर झालेला असेल तर एकाच जनुकावरची चाचणीही चुकते. आणि नमुन्यासाठी राणीचा पाय तोडू नका, मेलेली एक कामकरी पुरते.