साठ दिवसांचं म्हणून विकलेलं आमचं मुधोळ पिल्लू, आणि नंतरचं ते पंधरा दिवसांचं ट्रेनिंग

परवा गल्लीतल्या एका वहिनींनी मोबाईल पुढं केला, म्हणाल्या, "बघा की, मुधोळ जातीच्या कुत्र्याची पिल्लं आहेत, साठ दिवसांची, एक घ्यायचं म्हणतोय आम्ही." फोटो बघितला आणि माझ्या पोटात गोळाच आला. मागं आम्हाला पिल्लू विकून फसवलेल्या माणसाच्या फोटोत होती तीच निळी बादली, तीच पत्र्याची शेड, फक्त नंबर वेगळा. त्यांना पैसे पाठवण्यापासून थांबवलं, पण तो फोटो अजून किती जणांकडं फिरत असेल कोण जाणे, म्हणून लिहायला बसले. लांबलंय, पण पूर्ण वाचा.

आम्ही बेळगावात अनगोळला राहतो. मिस्टर उद्यमबागेत फौंड्रीत आहेत, मी घरी शिलाई करते, मुलगी आठवीत. घरात कुत्रं पाहिजे हा हट्ट मुलीचा, पण मुधोळच पाहिजे हा सासऱ्यांचा. त्यांच्या तोंडात लहानपणापासून मुधोळच्या घोरपडे संस्थानिकांची कुत्री, कारवानी म्हणायचे ते, सशामागं सुटली की दिसत नाहीत वगैरे. विकणाऱ्यानं फोनवर हेच सगळं बोलून दाखवलं, 2005 साली पोस्टाच्या तिकिटावर मुधोळ आलंय, मिलिटरीनं पण घेतलीत. हे सगळं खरंच आहे हो, आणि खऱ्यातच खोटं मिसळून देतात, माणूस खरं ओळखीचं ऐकलं की पुढचंही मान्य करत जातो.

त्याच्या स्टेटसवर मुलगी जूनपासून पिल्लांचे फोटो बघत होती. चौदा हजार ठरले, पाच हजार ॲडव्हान्स फोनवरून पाठवले. आम्ही म्हटलं मुधोळला येतो, आईला बघतो, तर "अक्का, कशाला शंभर किलोमीटरवर येताय, पावसात रस्ता खराब आहे, मी अर्ध्या वाटेवर आणून देतो." 8 जुलैला यरगट्टीच्या पुढं एका धाब्यावर पुठ्ठ्याच्या खोक्यात पिल्लू आणून दिलं. आई दिसली नाही, भावंडं दिसली नाहीत, घर दिसलं नाही. पिल्लू मुठीएवढं वाटलं म्हणून मिस्टरांनी विचारलंसुद्धा, साठ दिवसांचं एवढं लहान कसं, तर म्हणाला मुधोळ बारीकच असतंय, पुढं उंच होतंय. ते पटलं कारण मुधोळ बारीक असतात हे पण खरं. एक छापील लसीचं कार्ड दिलं, त्यावर पेनानं 'सेव्हन इन वन', म्हणजे सात रोगांवरची एकच लस, आणि 23 जून तारीख. कातडीखाली ओळखीची मायक्रोचिप घातलीय म्हणाला आणि चेन्नईच्या केनेल क्लबचे जातीच्या नोंदणीचे पेपर कुरिअरनं येतील म्हणाला. ते आजतागायत आलेले नाहीत.

नाव ठेवलं तांबू.

पहिले आठ दिवस कसे गेले ते सांगते, कारण फसवणुकीचा दुसरा भाग त्यातूनच आला. दर वीस-पंचवीस मिनिटांनी सू. सोप्यात, स्वयंपाकघरात, शिलाई मशिनच्या पायडलवर. बाहेर जुलैचा पाऊस, बेळगावचा पाऊस तुम्हाला माहीत आहे, परड्यात पाऊल ठेवायला जागा नाही, त्याला बाहेर नेलं की थरथर कापायचं आणि आत आणलं की लगेच फरशीवर करायचं. रात्री कण्हत रडायचं. आणि चावायचं! दात सुईसारखे, मुलीच्या हातावर रक्त येईपर्यंत, ओरडलं तरी सोडायचं नाही. सासूबाई म्हणाल्या हे कुत्रं वेडं आहे काय. आम्हाला वाटलं मुधोळ म्हणजे तेज जात, अंगात रग जास्त, म्हणून असं.

मी विकणाऱ्याला फोन केला, तर तो लगेच म्हणाला, "मला माहीतच होतं अक्का, मुधोळ ऐकत नाही, आमचा एक माणूस आहे तुमच्याच बेळगावात, पंधरा दिवस ठेवून घेतो, शी-सू फिक्स जागेवर करायला शिकवून देतो, गॅरंटी." आता कळतंय, त्याला माहीतच असणार की! सगळ्याच गिऱ्हाइकांना हा त्रास होणार आणि सगळेच परत फोन करणार. नऊ हजार रुपये. दहाव्या दिवशी तो माणूस बाईकवरून येऊन तांबूला बास्केटमध्ये घालून घेऊन गेला. मुलगी गेटपर्यंत मागं धावली.

रोज संध्याकाळी एक व्हिडिओ यायचा, पिल्लू वर्तमानपत्रावर सू करतंय आणि कुणीतरी "गुड" म्हणतंय. दोन दिवस आम्ही खूश. तिसऱ्या दिवशी मुलगी म्हणाली, आई, तांबूच्या पुढच्या उजव्या पायाची बोटं पांढरी आहेत, ह्याची नाहीत. नीट बघितलं, खरंच, दुसरंच पिल्लू. फोन केला तर "लाईटमुळे तसं दिसतंय." भेटायला येतो म्हटलं तर "मालक दिसला की ट्रेनिंग बिघडतं, आठ दिवस येऊ नका." हे वाक्य कुणी म्हणालं ना, तर त्याच दिवशी जाऊन आपलं पिल्लू उचलून आणा. आम्ही तीन दिवस उशीर केला.

सहाव्या दिवशी न सांगता गेलो. शहराबाहेर एक शेड, आत लोखंडी पिंजरे, चौदा-पंधरा कुत्री, मोठी आणि पिल्लं सगळी एकत्र, खाली ओली पोती, वास असा की दारातच थांबावं लागलं. तांबू एका कोपऱ्यात, मागचे पाय घाणीनं माखलेले. कोपऱ्यात गुंडाळलेला पेपर ठेवलेला, तिथल्या पोरानं सरळ सांगितलं, आत सू केलं की नाक त्याच्यात घासायचं आणि ह्यानं मारायचं, दोन दिवसांत शिकतात. मी तांबूला तसंच पदरात गुंडाळून आणलं. रिक्षात त्यानं दोनदा ओकारी केली, रात्री पातळ संडास, सकाळी त्यात रक्त.

डॉक्टरांकडं नेलं, किटवर टेस्ट केली, पार्वो, म्हणजे पिल्लांच्या जिवावर बेतणारा आतड्याचा विषाणूरोग. पार्वोची लागण झाल्यावर साधारण तीन ते सात दिवसांत लक्षणं दिसतात, आणि ते शेडमध्ये सहा दिवस होतं. पाच दिवस सलाईन, सकाळ-संध्याकाळ, एवढ्याशा पायात सुई. पण मला हलवलं ते दुसऱ्याच गोष्टीनं. डॉक्टरांनी कार्ड बघितलं, मग तोंड उघडून दात बघितले, परत कार्ड बघितलं. म्हणाले, "ताई, कार्डाप्रमाणे हे आज अडीच महिन्यांचं पाहिजे, मग दुधाचे सगळे दात वर आलेले असायला पाहिजेत, ह्याची मागची दाढ अजून हिरडीतून बाहेर येतेय. हे जेमतेम साडेसात आठवड्यांचं आहे." म्हणजे आम्ही घेतलं तेव्हा पाच-सव्वापाच आठवड्यांचं. म्हणजे 23 जूनला, ज्या दिवशी लस दिली म्हणे, तेव्हा ते तीन आठवड्यांचं, डोळे उघडून आठवडा झालेलं. तीन आठवड्यांच्या पिल्लाला कुठला डॉक्टर सेव्हन इन वन देतो? कार्डावर लसीच्या बाटलीचं स्टिकर नाही, बॅच नंबर नाही, डॉक्टरांचा रजिस्ट्रेशन नंबर नाही, नुसती वेडीवाकडी सही. स्कॅनर फिरवला तर चिप पण नाही.

घरी आल्यावर मुलीनं मोबाईल काढला. तिनं त्या स्टेटसचा स्क्रीनशॉट ठेवला होता, 3 जूनचा, पांढऱ्या बोटांचं पिल्लू त्यात स्पष्ट, आणि सगळ्या पिल्लांचे डोळे अजून मिटलेले. पिल्लांचे डोळे दहा ते चौदा दिवसांत उघडतात. म्हणजे कितीही ताणलं तरी ते 20 मेच्या आधी जन्मलेलं नाही, आणि 8 जुलैला साठ दिवसांचं असूच शकत नाही. हा पुरावा आमच्याच घरात महिनाभर पडून होता. तुम्ही कुणाच्या पिल्लांचे फोटो बघत असाल तर तारखेसकट ठेवून द्या.

वयाचं एवढं काय, दोन-तीन आठवडे इकडंतिकडं, असं मलाही आधी वाटलं असतं. पण त्या तीन आठवड्यांतच सगळं असतं. पिल्लू भावंडांशी खेळताना जोरात चावलं की दुसरं केकाटतं आणि खेळ सोडून जातं, त्यातून त्याला कळतं किती जोर लावायचा. तांबूला ते शिकायलाच मिळालं नाही, म्हणून मुलीचा हात सोडायचं नाही. आणि पाच आठवड्यांच्या जिवाला सू धरून ठेवता येतच नाही, त्याला कितीही शिकवा. म्हणजे ज्याला आम्ही वेडं, हट्टी म्हणालो, ते नुसतं तान्हं होतं. त्या माणसानं आमचे पैसे घेतले ते घेतले, पण त्या पिल्लाची आई घेतली, वर त्याच रडण्याचे परत नऊ हजार घेतले. ह्याचा राग अजून जात नाही. आणि हा कायद्यानं पण गुन्हा आहे, केंद्राचे 2017 चे पैदास-विक्रीचे नियम आहेत, आठ आठवड्यांच्या आतलं पिल्लू विकायचं नाही, आणि पैदास करणाऱ्याची राज्याच्या प्राणी कल्याण मंडळाकडं नोंदणी पाहिजे. फोनवर पहिला प्रश्न नोंदणी नंबरचा विचारा, तो टाळाटाळ करेल तिथंच थांबा. दुसरा प्रश्न, आईसोबत पिल्लू बघायला कधी येऊ. मुधोळच पाहिजे असेल तर मुधोळजवळ तिम्मापूरला पशुवैद्यकीय विद्यापीठाचं ह्याच जातीचं संशोधन केंद्र आहे, आधी तिथं चौकशी करा, आम्हाला हे नंतर कळलं.

तांबू वाचला. घरी आला तेव्हा सू आली की कपाटामागं जाऊन लपून करायचा, आम्ही दिसलो की जमिनीला चिकटायचा. मार खाल्लेलं पिल्लू बाहेर करायला शिकत नाही, माणसासमोर करायचं नाही एवढंच शिकतं. मग बाहेर नेलं तरी तुमच्यासमोर करत नाही, आणि इथंच ट्रेनिंग उलटं पडतं. हे सोडवायला महिना गेला. डॉक्टरांनी सांगितलं तसं केलं: झोपून उठलं की, खाल्लं की, खेळून झालं की, आणि नाहीतर दर तासाला, उचलून परड्यात पत्र्याखाली एकाच जागी. पाऊस लागू नये म्हणून मिस्टरांनी तिथं दोन पत्रे वाढवले. आधी त्याच्याच सू पुसलेल्या फडक्याचा तुकडा तिथं टाकायचो, वास ओळखून करायचा, केलं की लगेच, घरात यायच्या आधी, उकडलेल्या चिकनचा एवढासा तुकडा. आत केलं तर काहीच बोलायचं नाही, व्हिनेगरच्या पाण्यानं पुसायचं, वास राहिला की परत तिथंच करतो. चावला की खेळ बंद, मुलगी उठून आत जायची, भावंडं करतात तसं. साडेतीन महिन्यांचा झाला तेव्हा स्वतः दाराशी जाऊन उभा राहायला लागला. नऊ हजारांत ह्यातलं एकही काम कुणी तिऱ्हाईत करून देऊ शकत नव्हता, कारण हे रात्री दोन वाजता उठायचं काम आहे.

स्क्रीनशॉट, कार्ड, पैसे पाठवल्याच्या पावत्या, सगळं घेऊन पोलिसात अर्ज दिलाय, पोच मिळालीय, पुढं अजून काही नाही. ॲडव्हान्स घेऊन पिल्लूच न देता कुणी नंबर बंद केला तर सायबर फसवणुकीच्या 1930 ह्या हेल्पलाईनवर लगेच फोन करा, पहिल्या काही तासांत केला तर पैसे अडवायची शक्यता जास्त असते. उपचाराला अकरा हजार गेले, ते कोण देणार.

वहिनींनी काल माझ्यासमोर त्या नव्या नंबरवर फोन लावला, स्पीकरवर. मी शिकवलं तसं विचारलं, आईला बघायला रविवारी येऊ काय. "अक्का, कशाला एवढ्या लांब येताय," तोच आवाज, "मी अर्ध्या वाटेवर आणून देतो."