सांबऱ्याहून उडून जेवायला: कोल्हापूर, हुबळी की घाटाखाली मोपा?

छोटं विमान घेऊन जेवायला जायचा हा बेत वेळ वाचवायला म्हणून असेल तर सरळ गाडी काढा. बेळगाव-कोल्हापूर महामार्गाने दोन तासांचं काम. विमान हवेत अर्धाच तास असतं, पण सांबऱ्याला, म्हणजे बेळगावच्या विमानतळावर पोचणं, सुरक्षा तपासणी, विमानाची पाहणी, तिकडे उतरून बाहेर पडणं आणि उजळाईवाडीच्या विमानतळाहून गावात रिक्षा, हे सगळं धरलं की अडीच तास सहज जातात. उडायची हौस आहे आणि जेवण हे निमित्त, अशांसाठी पुढचा हिशेब. तो चार सीटच्या सेस्ना 172 एस वर आणि दिवसाच्या व्हीएफआर (बाहेर डोळ्यांनी बघत करायच्या) उड्डाणावर मांडला आहे.

सरळ रेषेत हुबळी 40 नॉटिकल मैल (एक म्हणजे सुमारे 1.85 किलोमीटर), गोव्यातलं मोपा 44, कोल्हापूर 52. आकडे बघून मोपा जवळचं वाटतं. प्रत्यक्षात तेच सगळ्यात अवघड, कारण मध्ये सह्याद्री आड येतो.

हुबळी हा सरावाचा पर्याय. धावपट्टी 2,600 मीटर, उंची जवळपास सांबऱ्याइतकीच, खाली मोकळं रान. इंजिनने दगा दिला तर उतरायला जागा सापडते. जेवणाचं म्हणाल तर ज्वारीची भाकरी, एण्णेगाई (भरली वांगी) आणि शेंगाचटणी उत्तमच, पण बेळगावात ती काय कमी मिळते? परक्या विमानतळावर पहिल्यांदाच उतरणार असाल तर मात्र हुबळीच करा.

कोल्हापूरसाठी जाताना दिशा साधारण 340 अंश. संकेश्वर, निपाणी, कागल असा महामार्ग जवळपास पायाखालीच राहतो, हिडकलचं पाणी उजवीकडे. वाट चुकायची भीती नाही. लक्ष ठेवायचं ते उसावर. उभ्या उसात विमान उतरवलं तर चाकं अडकून ते पालथं होऊ शकतं. म्हणून तोडणी झालेली शेतं जाता जाताच हेरून ठेवा. गळीत हंगामात पाचट पेटवलेलं असलं की सकाळी धूर खाली बसून राहतो आणि पाच किलोमीटर दृश्यता मिळत नाही. मग दहापर्यंत थांबायचं.

तांबडा-पांढरा रस्सा हे तिथे जायचं कारण, आणि परतीच्या त्रासाचंही. एप्रिलमध्ये दुपारी तापलेल्या रानावरून विमान चांगलंच हिंदकळतं. मागे बसलेल्यांनी तांबडा रस्सा वाट्या-वाट्या रिचवला असेल तर उलटीच्या पिशव्या हाताशी हव्यात. सांबऱ्याची उंची सुमारे 2,487 फूट. गरम हवा विरळ असते, म्हणून 38 अंश तापमानाला विमानाच्या लेखी ती 5,800 फुटांच्या आसपास होते. कोल्हापूरलाही ती 5,000 च्या वर जाते. धावपट्टी पुरते, अडचण चढण्याची आहे: भरलेलं विमान रडतखडत वर जातं. त्यात एप्रिल-मेमध्ये वळवाचे ढग दुपारनंतर उभे राहतात. तेव्हा मटण अकरा-साडेअकराला खायचं आणि एकपर्यंत चाकांनी जमीन सोडायची. ज्यांना दोनशिवाय जेवण जात नाही त्यांनी हिवाळ्यात जावं.

मोपाला मासे आहेत: शीत-कडी, तळलेला इसवण. जाताना घाट उतरणं सोपं वाटतं. खरी परीक्षा परतताना. विमानतळापासून चोर्ल्याच्या बाजूचा कडा जेमतेम 15 नॉटिकल मैल आहे. भरलेलं 172 उन्हात मिनिटाला 500 फूट चढेल तर 5,500 फुटांना दहा-अकरा मिनिटं लागतात आणि तेवढ्यात कडा समोर येतो. म्हणून किनाऱ्याकडेच गिरक्या घेत उंची मिळवा, मगच पूर्वेकडे वळा, आणि कड्याला सरळ न भिडता 45 अंशांच्या तिरक्या वाटेने जा, म्हणजे ढग दिसताच माघारी वळता येतं. ढगाच्या खालून खिंड शोधत जाणं हा जीव घालवायचा प्रकार आहे. जून ते सप्टेंबर हा पर्याय यादीतच धरू नका. गोव्याची दुसरी धावपट्टी, दाबोळी, नौदलाची; जेवणासाठी त्या भानगडीत पडू नये.

पोचल्यावर अ‍ॅव्हगॅस (छोट्या विमानांचं पेट्रोल) मिळेल असं गृहीत धरू नका. जेट विमानांचं एटीएफ मिळतं, पण ते पिस्टन इंजिनात चालत नाही. कोल्हापूरला जाऊन-येऊन सुमारे 1.3 तास, ताशी 35 लिटरने 45 लिटर. सांबरा बंद निघाल्यास हुबळी गाठायला 15, वर पाऊण तासाचा साठा 26. म्हणजे 100 लिटर घेऊन निघा. त्याचं वजन 72 किलो. विमान इंधन आणि माणसं मिळून 390 किलो उचलत असेल तर 75 किलोची चार माणसं बसतात. टाक्या काठोकाठ भरल्या की तीनच. नेमका आकडा तुमच्या विमानाच्या वजनपत्रकात बघा.

जेवून आल्यावर इंजिन सुरू न होणं हे नेहमीचंच. उन्हात तासभर उभ्या इंजिनाच्या नळ्यांत पेट्रोलची वाफ होते. गरम इंजिनाला प्राइम करू नका, म्हणजे सुरू करण्याआधी जादा पेट्रोल सोडू नका. मिक्स्चर (पेट्रोलचा दांडा) बंद, थ्रॉटल (हवेचा दांडा) पाव इंच उघडं, स्टार्टर फिरवा, इंजिनने धरलं की मिक्स्चर हळू पुढे. पेट्रोल जास्त झालं असेल तर थ्रॉटल पूर्ण उघडं, मिक्स्चर बंदच. दर वेळी दहाच सेकंद फिरवा, वीस सेकंद थांबा. तीनदा झाल्यावर दहा मिनिटं सोडून द्या, नाहीतर बॅटरी बसते आणि मुक्काम पडतो.

फ्लाइट प्लॅन निघण्याच्या किमान तासभर आधी, सोबत एडीसी (हवाई संरक्षणाची परवानगी) आणि एफआयसी (उड्डाण माहिती केंद्र) क्रमांक. विमानतळ किती वाजेपर्यंत चालू आहे ते नोटॅममध्ये (वैमानिकांसाठीच्या सूचनांत) बघा. व्हीएफआर सूर्यास्तानंतर वीस मिनिटांनी संपतं. हँडलिंगचा (विमानतळावरच्या सेवेचा) दर लेखी घ्या, दोर आणि चाकांचे ठोकळे घरून न्या. विमान उड्डाणशाळेचं असेल तर बाहेरगावी नेण्याची आणि प्रवासी बसवण्याची परवानगी विम्याच्या कागदासकट बघून घ्या. पीपीएलवर (खासगी वैमानिक परवान्यावर) पैसे घेऊन माणसं नेता येत नाहीत. आणि वैमानिकाने बारा तास आधीपासून दारूला शिवायचं नाही, मोपाला गेलात तरी.