केमोआधी शुक्राणू गोठवण्याची सेवा: लॅब कशी पारखावी

कर्करोगावरच्या केमोनंतरही पुढे मूल होण्याची वाट खुली राहावी म्हणून ही सेवा घ्यावीच, असे आमचे स्पष्ट मत आहे. सहसा भूल द्यावी लागत नाही, सुई टोचते ती फक्त रक्ततपासणीपुरती, आणि काम दोन-तीन दिवसांत उरकत असल्याने बहुतेक वेळा उपचारही लांबत नाहीत. तरीही ती हुकते. पेशंट लाजतो, घरचे घाबरलेले असतात, डॉक्टरांचे लक्ष आजाराकडे असते. म्हणून विषय आपणच काढावा, तोही पहिल्या डोसआधी.

सायक्लोफॉस्फामाइड, प्रोकार्बाझिन, बुसल्फान यांसारखी औषधे शुक्राणू तयार करणाऱ्या मूळ पेशींवरच घाव घालतात. एकूण मात्रा वाढेल तशी शुक्राणू परत येण्याची आशा घटते. एक शुक्राणू घडायला साधारण अडीच महिने लागतात, त्यामुळे केमो सुरू झाल्यावरही काही आठवडे नमुन्यात शुक्राणू दिसतात. पण ते औषधाच्या माऱ्यातून गेलेले असतात आणि त्यांच्या डीएनएला इजा झालेली असू शकते. ‘अजून आहेत ना, मग पुढच्या आठवड्यात बघू’ हा हिशेब इथे चालत नाही. वृषणाचा कर्करोग असेल तर वृषण काढण्याच्या शस्त्रक्रियेआधीच नमुना द्यावा.

नमुना हस्तमैथुनाने, निर्जंतुक डबीत द्यायचा असतो. त्याआधी दोन-तीन दिवस वीर्यस्खलन टाळलेले बरे, पण तेवढी सवड नसेल तर एकेका दिवसाच्या अंतराने दोन-तीन नमुने दिले तरी चालतात. लाळ, साबण, नेहमीचे वंगण यांनी शुक्राणू मरतात किंवा मंदावतात. साधा कंडोमही वापरू नये. वीर्याचा पहिला भाग सांडला तर लॅबला लगेच सांगावे, कारण सर्वाधिक शुक्राणू त्यातच असतात. घरून नमुना आणायची परवानगी असेल तर डबी अंगाशी धरून तासाभरात पोहोचवावी, बर्फात ठेवू नये.

लॅबचा खरा कस पुढे लागतो. वीर्य पातळ झाल्यावर मोजणी होते, मग ग्लिसरॉल असलेले द्रावण थेंबाथेंबाने मिसळतात. एकदम ओतले तर पेशीतले पाणी झपाट्याने बाहेर जाऊन ती आकसते आणि दुखावते. त्यानंतर नमुना टप्प्याटप्प्याने थंड करून उणे १९६ अंशांच्या द्रवरूप नायट्रोजनमध्ये ठेवतात. इतके सांभाळूनही हालचाल करणारे बरेच शुक्राणू वितळवल्यावर निकामी होतात, कधी निम्म्याहून जास्त. म्हणून चांगली लॅब थोडासा भाग चाचणीसाठी वितळवून त्यात किती शुक्राणू हालचाल करतात ते पाहते आणि तो आकडा लेखी देते. तो आकडा मागावाच.

नमुना अनेक कुप्यांत विभागलेला असावा, कारण एकदा वितळवलेली कुपी पुन्हा गोठवली तर आणखी शुक्राणू मरतात. कुप्या दोन वेगळ्या टाक्यांत ठेवल्या तर उत्तम. नायट्रोजन सतत उडत असतो. पातळी कोण तपासते, टाकीला अलार्म आहे का, हे विचारायला संकोच करू नये. एचआयव्ही, हिपॅटायटिस बी आणि सी यांच्या तपासण्या प्रत्येकाच्या होतात, त्यात संशयाचे काही नाही.

आजारामुळे, तापामुळे कित्येकांचा नमुना मुळातच कमकुवत असतो. एवढ्यावरून परत पाठवणारी लॅब आम्ही नापास करू. १९९२पासून रूढ होत गेलेल्या इक्सी पद्धतीत (लॅबमध्ये सुईने शुक्राणू थेट बीजांडात सोडतात) प्रत्येक बीजांडाला एकच जिवंत शुक्राणू पुरतो, त्यामुळे थोडेसे असले तरी ते साठवण्यासारखेच असते. वीर्यात एकही शुक्राणू नसेल तर वृषणाच्या ऊतीतून शोधून काढता येतात. स्खलनच होत नसेल तर कंपनयंत्र किंवा भूल देऊन विद्युत उत्तेजन हे मार्ग आहेत. वयात न आलेल्या मुलांसाठी मात्र ऊती गोठवणे अजून प्रायोगिक आहे. तिथे पक्के आश्वासन देणाऱ्यापासून सावध राहावे.

सेवेची सर्वांत लंगडी बाजू म्हणजे कागदपत्रे. साठवणुकीची मुदत, नूतनीकरणाचे शुल्क, ते थकल्यास काय होईल आणि पेशंटचा मृत्यू झाल्यास नमुन्याचे काय करायचे, हे संमतीपत्रात स्वच्छ लिहिलेले हवे. संपर्कासाठी दोन माणसांचे नंबर द्यावेत, कारण उपचारांच्या धामधुमीत नूतनीकरणाची सूचना नजरेआड होते. नंतर शुक्राणू परत आले तरी साठा लगेच रद्द करू नये. आजार उलटला तर दुसऱ्या फेरीची औषधे बहुधा जास्त तीव्र असतात.