बाथरूमचं मटेरियलसकट कंत्राट : सोय आहे, पण कोटेशन नीट वाचा

प्लंबर, गवंडी, इलेक्ट्रिशियन एकाच ठेकेदाराकडून मिळतात, त्यामुळे धावपळ वाचते. खरी गोम कोटेशनमध्ये. 'वॉटरप्रूफिंगसह' एवढंच लिहिलेलं असतं. त्याचे कोट (थर) किती, भिंतीवर कुठवर, नहाणी ट्रॅपच्या (जमिनीतलं पाणी जाण्याचं जाळीचं तोंड) कडेला काय, याचा पत्ता नसतो. गळती बहुतेकदा तिथूनच सुरू होते. कोट पूर्ण वाळल्यावर ट्रॅप बंद करून २४ तास पाणी साठवून गळती पाहणं आणि टाइल लावण्याआधी पाइपांची प्रेशर टेस्ट (दाबाने पाणी भरून गळती तपासणं), दोन्ही लेखी घ्या. मलबा उचलणं हमखास 'एक्स्ट्रा' निघतं. टाइल १० टक्के जास्त घ्या, एकाच बॅचची. नळ-फिटिंग स्वतः निवडा. शेवटचा हप्ता लादीचा ट्रॅपकडचा उतार तपासल्यावरच द्या: बादलीभर पाणी ओता, कोपऱ्यात साचलं तर लादी उखडून परत बसवायला सांगा.