ब्लायहून जिरोंदची बोटफेरी: पाणी गढूळ, पैसे वसूल

आधीच सांगते, निळंशार पाणी हवं असेल तर इकडे येऊ नका. जिरोंद ही फ्रान्समधली खाडी, आणि तिचं पाणी दुधाळ चहाच्या रंगाचं आहे. सासूबाईंनी पहिल्यांदा नाक मुरडलं. पण ही घाण नाही, गाळ आहे. गारोन आणि दोर्दोन्य या नद्या बेक दांबेसला एकत्र येतात, तिथून समुद्रापर्यंत सुमारे 75 किलोमीटरची ही खाडी. भरती-ओहोटी गाळ सतत ढवळत राहते, त्यामुळे तो खाली बसतच नाही.

फेरीतला सर्वांत भारी भाग किल्ल्यांचा. ब्लाय गावाजवळ पात्र जवळपास तीन किलोमीटर रुंद. सतराव्या शतकातल्या तोफांचा मारा पलीकडे पोहोचत नसे, म्हणून फ्रेंच लष्करी अभियंता व्होबाँने ब्लायचा किल्ला, मधल्या बेटावर फोर पाते (फोर म्हणजे किल्ला) आणि समोर फोर मेदोक अशी तिहेरी नाकेबंदी केली. बोट मधोमध आली की हे डाव एकदम कळतात. 2008 पासून ब्लाय आणि मेदोकचे किल्ले जागतिक वारशात आहेत.

काठावर खांबांवर उभ्या मासेमारीच्या झोपड्या आणि त्यांची चौकोनी जाळी दिसतात. अणुवीज केंद्रही आहे, पण फोटोत कुणी घेत नाही!

तक्रार एकच: माहिती फक्त फ्रेंचमध्ये, तीही खरखरणाऱ्या भोंग्यातून. वाऱ्यासाठी जाकीट हवंच. नुसतं पलीकडे जायचं असेल तर समोरच्या काठावरच्या लामार्कची फेरीबोट पुरे, ती गाड्याही नेते. कोर्दुआं दीपगृह मात्र या फेरीत येत नाही. ते पार मुखाशी आहे.