कमिशन शून्य, तरी हातात कमी: मार्केटप्लेस की स्वतःचं ऑनलाइन दुकान?

मीशोने २०२१ मध्येच कमिशन काढून टाकलं. ॲमेझॉनने ७ एप्रिल २०२५ पासून ३०० रुपयांखालच्या, १३५ प्रकारांतल्या वस्तूंवर रेफरल फी, म्हणजे तिथलं कमिशन, शून्य केली. नोव्हेंबर २०२५ मध्ये फ्लिपकार्टनेही १,००० रुपयांखालच्या मालावरचं कमिशन सोडलं. एवढं झाल्यावर लहान विक्रेत्याने मार्केटप्लेस, म्हणजे अनेकांचा माल विकणारी अशी साइट, सोडून स्वतःच्या दुकानाचा विचार करणं वेडेपणाचं वाटेल. पण सेटलमेंटची शीट, म्हणजे कपाती वजा होऊन हातात येणाऱ्या पैशांचा तक्ता, उघडून एकेक ओळ वाचली, की कमिशन ही त्यातली सगळ्यात निरुपद्रवी ओळ होती असं लक्षात येतं. ती टक्केवारी आधी माहीत असायची, किंमत लावतानाच धरता यायची. आता खिसा कापला जातो तो शिपिंग, क्लोजिंग किंवा फिक्स्ड फी (ऑर्डरमागची ठरावीक रक्कम) आणि परतीचं भाडं या ओळींत, आणि त्यातली शेवटची आधी कळत नाही.

हिशोबासाठी खणाची एक पर्स घेऊ. विक्री किंमत ५४९ रुपये. कापड, अस्तर, चेन, शिलाई मिळून २६० आणि पॅकिंग १५, म्हणजे घरातून बाहेर पडताना २७५. पुढचे फीचे आकडे उदाहरणापुरते आहेत. तुमच्या वस्तूचा प्रकार, वजन आणि झोन (पार्सल किती लांब जातं तो टप्पा) घालून ते बदला.

कमिशन शून्य धरलं, क्लोजिंग फी २० आणि शिपिंग ७० धरलं, तर ९० रुपयांवर १८ टक्के जीएसटी लागून १०६ होतात. उरले १६८. वाईट नाही. पण ग्राहकाने पर्स परत केली तर जातानाचं भाडं जीएसटीसह ८३, परतीचं ११० धरल्यास जीएसटीसह १३० आणि वाया गेलेलं पॅकिंग १५, असे २२८ रुपये जातात. पर्स डागाळून किंवा वापरून आली असेल तर वरचे २६० धरून ४८८, म्हणजे जवळजवळ तीन पर्सचा नफा. दहा ऑर्डरींतल्या दोन परत आल्या आणि त्यातली एकच खराब निघाली, तरी १,६८० ऐवजी हातात ६२८ राहतात. कमिशन शून्य असूनही.

आता स्वतःचं दुकान. वेबसाइट, पेमेंट गेटवे (ऑनलाइन पैसे घेऊन देणारी सेवा) आणि कुरिअर ॲग्रिगेटर (अनेक कुरिअर एका ठिकाणी जोडून देणारी सेवा). गेटवेचे २ टक्के आणि त्यावर जीएसटी म्हणजे १३ रुपये, शिपिंग ८३. उरले १७८. हा दहा रुपयांचा फरक पाहून कुणी उडी मारू नये, कारण इथे गिऱ्हाईक आपोआप येत नाही. इन्स्टाग्रामवरच्या जाहिरातीचा खर्च ऑर्डरमागे ८० धरला, तर ९८ वर आलात. जाहिरात नीट जमली नाही तर हा आकडा सहज दुप्पट होतो. नव्या दुकानाचे पहिले काही महिने तोट्यातच जातात असं धरून चालावं.

म्हणजे फीच्या तक्त्यावर दोन्ही रस्ते साधारण सारखेच. निर्णय परतीच्या मालावर होतो, म्हणून त्यावर जरा थांबतो.

मार्केटप्लेसवर परतीची मुदत, कारणांची यादी आणि मंजुरी यांतलं काहीच विक्रेत्याच्या हातात नसतं. ग्राहक ‘रंग वेगळा आहे’ निवडतो आणि पिकअप ठरून जातो. खणाच्या बाबतीत हे कारण सगळ्यात जास्त दिसतं, कारण आडव्या-उभ्या धाग्यांचे रंग वेगळे असल्याने कापड उजेड बदलला की वेगळं दिसतं. फोटो सावलीत, फ्लॅशशिवाय, दोन कोनांतून काढले आणि काठाचा रंग वर्णनात स्वतंत्र लिहिला, तर माझ्या अनुभवात असे रिटर्न बरेच कमी होतात. संपत मात्र नाहीत. त्यात दरपत्रक बदलल्याचं मेल येतं तेव्हा परतीचा तक्ता बहुधा खाली, वेगळ्या दुव्यामागे असतो. तो आधी उघडावा. काही ठिकाणी आरटीओचं, म्हणजे डिलिव्हरी न होताच परतलेल्या पार्सलचं भाडं विक्रेत्यावर नसतं, पण ग्राहकाने हातात घेऊन परत केलेल्याचं असतं. या दोन गोष्टी एकच समजणारे फसतात.

बदललेला किंवा वापरलेला माल परत आला तर भरपाईचा क्लेम करता येतो, पण तो नाकारला जाण्याचं कारण बहुतेकदा एकच: पुरावा अर्धवट. पार्सल कापण्याआधी व्हिडिओ सुरू करा, एडब्ल्यूबी, म्हणजे पार्सलचा ट्रॅकिंग क्रमांक, वाचता येईल इतक्या जवळून लेबल दाखवा, सहाही बाजू फिरवा, मग कापा, आणि वस्तू पूर्ण बाहेर येईपर्यंत व्हिडिओ थांबवू नका. पाठवतानाचाही असाच व्हिडिओ हवा, नाहीतर ‘पाठवलीच अशी होती’ याला उत्तर राहत नाही. ही सगळी मेहनत ५४९ रुपयांच्या वस्तूसाठी, आणि निकाल त्यांच्या हातात. मला स्वतःला या एका गोष्टीने मार्केटप्लेसपासून लांब नेलं. दुसऱ्या कुणाला ती एवढी खुपणार नाही, हेही शक्य आहे.

स्वतःच्या दुकानात परतीचे नियम तुम्ही लिहिता. मात्र ‘नो रिटर्न’ असं सरसकट लिहून मोकळं होता येत नाही. ग्राहक संरक्षण (ई-कॉमर्स) नियम, २०२० प्रमाणे सदोष, वर्णनाशी न जुळणारी किंवा सांगितलेल्या तारखेनंतर पोचलेली वस्तू परत घेणं विक्रेत्याला नाकारता येत नाही, आणि तक्रार निवारणासाठी नेमलेल्या व्यक्तीचं नाव व संपर्क साइटवर द्यावा लागतो. पण मन बदललं म्हणून परत करणाऱ्याने कुरिअरचा खर्च स्वतः करायचा, एवढं एक वाक्य लिहिता येतं, आणि तेवढ्याने चित्र पालटतं. दुसरं, कॅश ऑन डिलिव्हरी (सीओडी) बंद ठेवता येते किंवा तिच्यासाठी ५०-१०० रुपये आगाऊ मागता येतात. आगाऊ रक्कम भरलेला माणूस दार उघडतो. सीओडी पूर्ण बंद केली तर ऑर्डरी कमी होतात, हे खरं. गावांत आणि लहान शहरांत तर खूपच.

वजनाचा घोळ दोन्हीकडे आहे, त्याला पक्ष नाही. कुरिअर प्रत्यक्ष वजन आणि आकारमानाचं वजन यांतलं जास्त असेल ते धरतं. लांबी, रुंदी आणि उंची सेंटिमीटरमध्ये गुणून ५,००० ने भागायचं. पर्समध्ये कागद कोंबून ३० × २५ × १० च्या खोक्यात घातली तर ती दीड किलोची ठरते, प्रत्यक्षात असेल ३५० ग्रॅम. तीच सपाट दुमडून ३० × २५ × ३ च्या कुरिअर बॅगेत गेली तर ०.४५ किलो, म्हणजे अर्ध्या किलोच्या स्लॅबमध्ये (दराच्या टप्प्यात). बॅगेचा फुगवटा एक सेंटिमीटर वाढला की ०.६ होतं आणि पुढचा स्लॅब लागतो. म्हणून टेपने दाबून बांधा, आणि काट्यावर ठेवून लेबलासह एक फोटो आणि मोजपट्टी लावून तीन फोटो काढून ठेवा. वजनाचा वाद नोंदवायला थोड्याच दिवसांची मुदत असते, ती गेली की कपात कायम.

करांचं थोडक्यात. मार्केटप्लेस निव्वळ करपात्र विक्रीवर ०.५ टक्के टीसीएस (विक्रीच्या पैशांतून आधीच कापून ठेवलेला जीएसटी) कापतं (१० जुलै २०२४ पासून, त्याआधी १ टक्का) आणि प्राप्तिकराचा टीडीएस ०.१ टक्के आहे (१ ऑक्टोबर २०२४ पासून). हे पैसे बुडत नाहीत, पण टीसीएस जीएसटी पोर्टलवर जाऊन स्वीकारल्याशिवाय कॅश लेजरमध्ये, म्हणजे तिथल्या तुमच्या कराच्या खात्यात, येत नाही, आणि अनेक जण तो तसाच सोडून देतात. स्वतःच्या साइटवर स्वतःचाच माल विकताना टीसीएसचा प्रश्न येत नाही. जीएसटी क्रमांक नसलेल्यांना १ ऑक्टोबर २०२३ पासून एनरोलमेंट क्रमांक घेऊन मार्केटप्लेसवर विकता येतं, पण फक्त राज्याच्या आत. स्वतःच्या साइटवरही अधिसूचित हस्तकला वस्तूंची सवलत सोडली तर परराज्यात माल पाठवायला नोंदणी लागतेच. आणि फीवरचा तो १८ टक्के जीएसटी नियमित नोंदणी असलेल्याला क्रेडिट म्हणून, म्हणजे स्वतःच्या जीएसटीतून वजा होऊन, मिळतो. नोंदणी नसलेल्याला किंवा कंपोझिशनवाल्याला (उलाढालीवर ठरावीक दराने कर भरणाऱ्याला) तो सरळ खर्च आहे. वरचा हिशोब अशांसाठीच, हा जीएसटी खर्चात धरून, मांडला आहे.

मार्केटप्लेसची बाजू भक्कम कुठे, तर ३०० रुपयांखालच्या मालात. १९९ रुपयांची पोटली स्वतःच्या साइटवरून ८३ रुपये शिपिंग देऊन विकणं जमत नाही, आणि गिऱ्हाईक तेवढं भाडं वेगळं देत नाही. माप नसलेली, रंगावरून वाद न होणारी छोटी वस्तू तिथे चांगली जाते, परतही कमी येते. आधी कुणी नाव ऐकलेलं नसताना पहिल्या ऑर्डरी तिथूनच येतात. मात्र ते गिऱ्हाईक तुमचं होत नाही. त्याचा नंबर मिळत नाही, आणि पार्सलमध्ये स्वतःच्या साइटची चिठ्ठी घालणं नियमात बसत नाही.

स्वतःच्या दुकानाचं खरं गणित दुसऱ्या ऑर्डरपासून सुरू होतं. तेच गिऱ्हाईक संक्रांतीला किंवा मंगळागौरीला व्हॉट्सॲपवर विचारतं, तेव्हा जाहिरातीचे ८० जातात, आणि यूपीआयच्या क्यूआरवर थेट पैसे घेतले तर गेटवेचे १३ ही जातात. मग १९१ राहतात आणि परत येणारं पार्सल विरळा. ५०० च्या वरचा, रंग निवडून घेण्यासारखा किंवा नाव घालून शिवायचा माल असेल, तर मी तरी स्वतःच्या दुकानाकडे झुकेन. महिन्याला वीस-पंचवीस नग शिवणाऱ्याला तर मार्केटप्लेसवर लागणारा साठाच परवडत नाही. फोटो काढणं, उत्तरं देणं, पत्ते तपासणं यांना वेळच नसेल, तर मार्केटप्लेस सोडू नये.

मार्केटप्लेस सोडायचंच ठरलं तर तिथली लिस्टिंग, म्हणजे वस्तूंची पानं, डिलीट करू नका. महाग वस्तूंचा साठा शून्यावर आणा आणि स्वस्त दोन-तीन चालू ठेवा, म्हणजे जमलेलं रेटिंग टिकतं. सेलमध्ये आपोआप सामील करणारी खूण काढली आहे का, तेही त्याच वेळी पाहा. साठा शून्य करण्याआधी गेलेल्या ऑर्डरींचे रिटर्न अजून काही दिवस येत राहतील, त्यामुळे शेवटची शीट जुळेपर्यंत बँक खातं किंवा पिकअपचा पत्ता बदलू नका.